व्होल्टमधला गंधार कुठे हरवतो?

घरी तयार केलेल्या सिक्वेन्सरमधून बेसूर स्वर येऊ लागला की बहुतेक जण पहिला दोष आज्ञावलीला देतात. रात्रभर संगणकासमोर बसून प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली जाते आणि सकाळी गंधार होता तिथेच असतो. खरा दोष बहुधा दोन आण्याच्या रेझिस्टरमध्ये, एका तारेत किंवा पावसाळी हवेत दडलेला असतो. तो शोधायचा तर स्वर व्होल्टमध्ये कसा मोजला जातो, हे आधी समजून घ्यावे लागते.

सिक्वेन्सर हे यंत्र स्वतः वाजत नाही. ठरवून दिलेल्या स्वरांची माळ ते एकामागून एक विद्युतदाबाच्या रूपाने सिंथेसायझरकडे पाठवते. कोणता स्वर, हे सांगणाऱ्या दाबाला कंट्रोल व्होल्टेज म्हणतात. स्वर केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा, हे सांगणाऱ्या दुसऱ्या संकेताला गेट. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेला संकेत असा, की दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जावा. भारतात हे तंत्र नवे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला होता. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांच्या हाताशी असलेल्या रोलँड टीबी-३०३ या छोट्या यंत्रातही सिक्वेन्सर होता आणि त्याच्या पाठीवर कंट्रोल व्होल्टेज व गेट यांची दोन छिद्रे होती.

या मोजपट्टीवर षड्ज शून्य व्होल्टवर धरला तर तार षड्ज एक व्होल्टवर येतो. सप्तकाचे बारा समान भाग केले की प्रत्येक अर्धस्वराच्या वाट्याला ८३.३ मिलिव्होल्ट येतात. हार्मोनियमचा शुद्ध गंधार त्यामुळे ३३३.३ मिलिव्होल्टवर बसतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र ३२१.९ मिलिव्होल्टवर असतो. फरक अवघा ११.४ मिलिव्होल्टचा, पण तयार कानाला तो लगेच खुपतो. पंचमाचे भांडण त्यामानाने किरकोळ: ५८३.३ विरुद्ध ५८५.

पाटणपासून फार दूर नसलेल्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी नेमक्या याच फरकाचा ध्यास घेतला होता. तारेची लांबी मोजून आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेऊन त्यांनी बावीस श्रुतींची स्थाने गणिताने मांडली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सर्व निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांना मान्य झाले असे नाही. पण स्वर मोजता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह सिक्वेन्सर बांधणाऱ्याने जरूर उचलावा. देवलांनी तारेची लांबी मोजली, इथे मिलिव्होल्ट मोजायचे आहेत, इतकेच.

आणि पहिली फसगत मोजतानाच होते. साडेतीन अंकी साधा मल्टिमीटर २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवला तर तो १० मिलिव्होल्टपेक्षा बारीक काही दाखवत नाही. म्हणजे ज्या गंधारासाठी हा सारा खटाटोप, त्याचा फरक मीटरच्या शेवटच्या एका आकड्यात मावतो. तोच मीटर २ व्होल्टच्या पट्टीवर एकेक मिलिव्होल्ट वेगळा दाखवतो. म्हणून खालच्या दोन सप्तकांची तपासणी याच पट्टीवर करावी. शिवाय बिघाड सिक्वेन्सरचा की ऑसिलेटरचा, हेही आधी ठरवावे. मीटरवर आकडा स्थिर असूनही स्वर हळूहळू सरकत असेल, तर ऑसिलेटर अजून तापतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि मग कान लावावा.

त्यानंतर प्रत्येक स्वराचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची दोन रकान्यांची वही मांडावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दोषाचा स्वभाव या वहीतच उघडा पडतो. सगळे स्वर सारख्याच अंतराने चुकले असतील तर शून्य सरकलेले आहे आणि ट्यूनिंगच्या बटणाने ते सुधारते. वरच्या स्वरांकडे जाताना चूक प्रमाणात वाढत असेल तर मोजपट्टीच आखूड झालेली असते. विशिष्ट उंचीनंतर सगळे स्वर एकाच दाबावर अडकत असतील तर ऑप-अँपची मर्यादा आडवी आली आहे. पाच व्होल्टवर चालवलेला एलएम ३५८ साडेतीन व्होल्टच्या आसपासच थकतो. चौथ्या सप्तकाचा उत्तरार्ध त्याच्याकडून मागणेच चूक. अशा वेळी ऑप-अँपला बारा व्होल्टचा पुरवठा द्यावा.

यांतली आखूड मोजपट्टी सर्वांत फसवी. आउटपुटवर शॉर्टसर्किट झाले तर आयसी वाचावी म्हणून तिच्यापुढे एक किलोओहमचा रेझिस्टर लावण्याची पद्धत आहे. सिंथेसायझरच्या इनपुटचा रोध साधारण शंभर किलोओहम असतो. दोन्ही जोडले की दाबाचा सुमारे एक टक्का त्या छोट्या रेझिस्टरवरच खर्ची पडतो. तीन व्होल्ट पाठवले तर पलीकडे २.९७ पोचतात, ३० मिलिव्होल्ट म्हणजे अर्धस्वराच्या एक तृतीयांशाहून अधिक. त्याच आउटपुटवर दुसरा ऑसिलेटर जोडला की तूट दुप्पट होते. गंमत अशी, की केबल काढून नुसता मीटर लावला तर पुरते तीन व्होल्ट दिसतात, कारण मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगओहमच्या घरात असल्याने तो जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. यंत्र निर्दोष ठरते आणि कान खोटा पडतो. उपाय साधा आहे: मोजणी नेहमी केबल जोडलेली ठेवून करावी, आणि तो रेझिस्टर ऑप-अँपच्या फीडबॅकच्या वळणात घ्यावा, म्हणजे त्याच्यावर पडलेली तूट ऑप-अँप स्वतः भरून काढतो. ऑप-अँप अस्थिर होऊ नये म्हणून सोबत एक छोटा कपॅसिटर लागतो.

आखूड पट्टीचे आणखीही एक कारण असते. बरेच जण आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम पायावरूनच दाब काढतात. तिथे पाच व्होल्टचे २५६ भाग होतात आणि एक पायरी १९.५ मिलिव्होल्टची पडते. ११.४ मिलिव्होल्टचा गंधार त्या जिन्यावर उभाच राहू शकत नाही. त्यातून ते पाच व्होल्ट संगणकाच्या यूएसबीतून घेतलेले असले तर ते ४.८५ही असू शकतात, आणि मग प्रत्येक स्वर तीन टक्क्यांनी खाली येतो. पीडब्ल्यूएमची थरथर घालवायला मोठा कपॅसिटर लावला तर प्रत्येक स्वर पुढच्या स्वरावर घसरत जातो; न मागता मींड मिळते. गंधाराची चाड असेल तर पीडब्ल्यूएमचा नाद सोडावा, हे बरे. एमसीपी ४८२२ सारखी बारा बिटांची आयसी स्वतःचा स्थिर संदर्भदाब बाळगते आणि ४.०९६ व्होल्टचे ४०९६ भाग करते. एक पायरी बरोबर एक मिलिव्होल्टची. तिच्या दोन खोड्या तेवढ्या लक्षात ठेवाव्यात. गेनचा बिट चुकीचा दिला तर सगळे दाब निम्मे होतात आणि सप्तकाच्या जागी अर्धेच सप्तक येते. एलडॅक हा पाय अधांतरी राहिला तर दाब मनाला येईल तेव्हा बदलतो किंवा बदलतच नाही.

स्वर थरथरत असेल तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. पाटण तालुक्यातल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. तिथली वीज असो की आणखी कुठली, तिची लय सेकंदाला पन्नास आवर्तनांचीच. ती गुणगुण कंट्रोल व्होल्टेजमध्ये शिरली की स्वर खरखरीत होतो. यंत्र बॅटरीवर चालवून पाहिले की निर्णय मिनिटभरात होतो. दिवे लागताच स्वर हलत असेल तर दिव्यांची आणि दाबाची जमिनीची तार एकच आहे. ८० मिलिअँपिअरचा प्रवाह ०.०५ ओहमच्या तारेतून गेला तरी चार मिलिव्होल्ट वाया जातात. दोन तारा वेगळ्या करून पुरवठ्याच्या मुळाशीच जोडाव्यात.

पाटणसारख्या ठिकाणी ज्याची आवर्जून दखल घ्यावी असा दोष मात्र वेगळाच आहे. एकाच आयसीकडून आठ आउटपुट काढायचे असले की प्रत्येक दाब एकेका कपॅसिटरवर साठवून ठेवतात आणि आयसी आळीपाळीने तो ताजा करते. दहा नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक नॅनोअँपिअर जरी झिरपला तरी दाब सेकंदाला १०० मिलिव्होल्टने बदलतो, अर्धस्वराहून अधिक. कोयनेच्या पाणलोटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत सोल्डरिंगनंतर बोर्डवर राहिलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि गळतीला वाट मिळते. मे महिन्यात सुरेल असलेले यंत्र जुलैत बेसूर होते, ते यामुळे. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पूर्ण वाळवावा, कपॅसिटर सिरॅमिकऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा वापरावा. प्रोग्रॅमने स्वर बदलण्याची वाट न पाहता दर पाच मिलिसेकंदांनी दाब ताजा करावा. मग तूट अर्ध्या मिलिव्होल्टवर येते. आज्ञावलीकडे बोट दाखवण्याची रास्त जागा खरे तर हीच.

स्वर बरोबर लागतो पण सुरुवातीला क्षणभर आधीचाच ऐकू येतो, अशी तक्रार असेल तर गेट दाबाच्या आधी पोचतो आहे. आधी दाब पाठवावा, दोन-तीन मिलिसेकंद थांबावे, मग गेट उघडावा. जुना कॉर्ग एमएस-२० जोडून सगळेच विस्कटले तर सिक्वेन्सर उघडू नये. त्या यंत्रात प्रत्येक सप्तकाला दाब दुप्पट होतो, मोजपट्टीच निराळी आहे.

एवढे झाल्यावर मिलिव्होल्टच्या पायऱ्यांची आयसी हाती असेल, तर हार्मोनियमचे बारा आकडे तसेच ठेवण्याचे बंधन उरत नाही. प्रोग्रॅममधल्या तक्त्यात गंधारासमोर ३३३ ऐवजी ३२२ आणि पंचमासमोर ५८३ ऐवजी ५८५ लिहावे, केबल जोडलेली ठेवून मीटरवर तेच आकडे येतात का ते पाहावे, आणि मग तंबोरा लावून ऐकावे.