तात्पुरतं तुम्हीच सांभाळा

जुलै २०२५ मधला शेवटचा शुक्रवार. सिहोऱ्यात रोवणीचे दिवस, दिवसभर पाऊस आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे लाईन गेलेली. मी शाळेतून येऊन चहा ठेवला होता. छपरीत पोट्ट्यांचा आवाज चढत चालला होता. माझा मुलगा, दोन पुतणे, शेजारचे तीन-चार. "तेवढा पैसा आहे का आपल्यापाशी?" "मागच्याला काढायला किती कोटी मोजले, माहीत आहे का?" "घरचा माणूस नकोच, घरच्याला कोणी जुमानत नाही!"

सासूबाई हातातली माळ ठेवून उठून बसल्या. मला म्हणाल्या, "काहून वं, वाटनी होऊन रायली का आपल्या घरात?"

वाटणी नव्हती हो. भारताच्या फुटबॉल संघाचा पुढचा कोच कोण, यावर रण माजलं होतं. आता सिहोऱ्याचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेच वाटायचं. आमच्या शाळेच्या मैदानावर गोलपोस्ट म्हणजे दोन बाजूंना दोन चपला! पण नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली मुलं घेऊन फुटबॉल उभा केला, त्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला आणि तो बघून आमच्या घरातल्या पोट्ट्यांना जे वेड लागलं ते लागलंच. माझा मुलगा शिकायला नागपूरला. सुटीत घरी येतो तो लाल बनियन घालून. मँचेस्टर युनायटेडची जर्सी म्हणे. धुताना उलटी करून धुवायची, अशी मला ताकीद आहे.

या लाल बनियनवाल्यांचं दुःख मोठं आहे. त्यांचे फर्ग्युसन सर सव्वीस वर्षं कारभार करून २०१३ मध्ये निवृत्त झाले. जाताना वारस त्यांनीच सुचवला, डेव्हिड मॉइस. करार सहा वर्षांचा. दहा महिन्यांत मॉइस घरी! सासूबाईंनी स्वतः पसंत करून आणलेली सून, तरी घरात टिकली नाही, असा तो प्रकार. तेव्हापासून हे लोक दर वर्षा-दोन वर्षांनी "आता कोण?" हेच करत बसलेत. कोल्हापूरकडची एक शिक्षिका मैत्रीण आहे माझी. ती सांगते, त्यांच्याकडे पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि सामन्याच्या दिवशी पेठेतल्या बायकाही कोणाला खेळवायला हवं होतं ते ठामपणे सांगतात. आमच्याकडे अजून तेवढं आलेलं नाही. आमच्याकडे बायका भजे तळतात.

मीही तळत होते, पण कान तिकडे. मग ताट घेऊन तिथेच बसले आणि म्हटलं, मला नीट समजावून सांगा.

तर झालं होतं असं. इगोर स्टिमाच नावाचे क्रोएशियाचे कोच २०१९ पासून होते. जून २०२४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला आणि त्यांना काढलं. करार बाकी होता, म्हणून चार लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. म्हणजे तीन कोटींच्या वर. त्यांच्या जागी स्पेनचे मानोलो मार्केझ आले. ते एकाच वेळी गोव्याच्या क्लबचेही कोच होते. माहेर आणि सासर, दोन्हीकडचा स्वयंपाक एकाच बाईने करायचा म्हटलं तर एकीकडे करपणारच! आठ सामन्यांत एकच विजय, जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हार, आणि जुलैच्या सुरुवातीला तेही गेले.

मग जाहिरात निघाली. १७० अर्ज आले. त्यातले तीन निवडले. एक स्टीफन कॉन्स्टंटाइन. हे आधी दोनदा भारताचे कोच होऊन गेलेले. दुसरे स्लोवाकियाचे स्टेफान टारकोविच. आणि तिसरे खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून आणि कोच म्हणूनही मुंबईत घडलेले. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलेच म्हणा ना.

त्या शुक्रवारी मात्र पेपरात वेगळंच आलं होतं. स्पेनच्या झावीनेही अर्ज केला होता म्हणे! बार्सिलोनाचा झावी. धाकटा पुतण्या तर जागेवर बसायलाच तयार नव्हता. "झावी येतो म्हणते आणि हे नाही म्हणतात, पैसा नाही म्हणून!" दुसऱ्या दिवशी फुटबॉल महासंघाने सांगितलं, झावी आणि ग्वार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हते. कोणीतरी थट्टा केली होती. पुतण्या दोन दिवस जेवताना मान खाली घालून होता बिचारा.

उरले तीन. छपरीत मतं पडली. टारकोविचना दोन, कॉन्स्टंटाइनना तीन, आणि खालिद जमीलना एकही नाही. मी विचारलं, का बाप्पा? ह्यांनी काय वाईट केलं? तर एकेक कारण. त्यांचा संघ नुसता बचावच करत राहतो, बघायला मजा येत नाही. मोठ्या संघांना सांभाळायला ते नाही जमणार. आणि मोठा पुतण्या म्हणाला, "काकू, शेवटचा भारतीय कोच सावियो मेदेरा, २०११-१२ मध्ये. तेव्हापासून सगळे बाहेरचे. बाहेरच्याचं खेळाडू ऐकतात."

तेवढ्यात आतून आवाज आला. माझी लेक. बारावीला आहे, आणि दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "ऐझॉलचं कोणी सांगितलं नाही आईला?"

मग तिने सांगितलं. खालिद जमील २००९ ते २०१६ मुंबई एफसी या क्लबचे कोच होते. हाताशी पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत, तरी सात वर्षं त्यांनी संघ खालच्या गटात घसरू दिला नाही. शेवटी क्लबने त्यांना काढलंच. मग ते मिझोरमला गेले, ऐझॉल एफसीकडे. हा संघ त्याआधीच्या मोसमात खालच्या गटात घसरला होता, कसाबसा परत घेतला गेला होता. त्या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! कोलकात्याच्या मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून. ईशान्येकडच्या क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहाय्यक होते. २०२१ च्या जानेवारीत परदेशी कोचला मोसमाच्या मध्यात काढलं आणि यांना म्हटलं, तात्पुरतं तुम्ही सांभाळा. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. तेव्हा कुठे त्यांना कायम केलं, आणि इंडियन सुपर लीगमधले ते पहिले कायम भारतीय मुख्य कोच झाले.

"तात्पुरतं तुम्ही सांभाळा" हे शब्द कानावर पडले आणि माझा हात ताटावरच थांबला.

तुमच्यात कोणी शिक्षिका असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. 'प्रभारी' हा शब्द आम्हाला पाठ असतो. मी एका शाळेत तीन वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका होते. शाळेचं नाव नको, सगळीकडे सारखंच आहे. शालेय पोषण आहाराचे तांदूळ मोजा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका लावा, माहिती ऑनलाइन भरा, रेंज नाही म्हणून रात्री गच्चीवर जाऊन भरा, आणि वर तिसरीचा वर्गही घ्या. खुर्चीवर बसायचं, पण पाटीवर नाव नाही. त्या तीन वर्षांत गळकं छत दुरुस्त झालं, मुलींसाठी वेगळं शौचालय झालं. मग पदोन्नती होऊन एक सर आले. माणूस चांगला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या दिवशी गावकऱ्यांनी त्यांना हार घातला आणि म्हणाले, "आता शाळेला मुख्याध्यापक मिळाले." मी चहाचे कप गोळा करत होते.

पण खरं सांगायचं तर दोष सगळा दुसऱ्यांचा नाही. त्याआधी पदोन्नतीच्या यादीत माझंही नाव आलं होतं. मी नकार लिहून दिला होता. लेक लहान, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, हे दिवसभर धानाच्या कामात. पदोन्नती म्हणजे बदली, आणि बदली कुठे मिळेल त्याचा नेम नाही. मला कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी विचारलंही नाही. मीच कागद आणला, मीच सही केली आणि संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं. हे म्हणाले, "बरं केलं." एवढंच.

छपरीत माझी लेक आता दारामागून बाहेर आली होती. भावांना म्हणाली, "१७० अर्जांत एका बाईचं नाव घेऊन दाखवा." सगळे हसले. मोठा म्हणाला, "पुरुषांच्या टीमला बाई कशी कोच होईल?" ती म्हणाली, "आणि बायकांच्या टीमला पुरुष कसा होतो?"

यावर कोणाला उत्तर सुचेना. भारताच्या महिला संघाला गोव्याच्या मेमोल रॉकी मुख्य कोच म्हणून मिळाल्या त्या २०१७ मध्ये. स्वतः भारतासाठी खेळलेल्या. २०२१ पर्यंत होत्या. आणि पुरुषांच्या संघाचं म्हणाल तर फ्रान्समध्ये २०१४ सालीच कोरीन दियाक्र या बाई क्लेरमाँ नावाच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबच्या मुख्य कोच झाल्या आणि तीन मोसम राहिल्या. त्यांच्याही आधी त्याच क्लबने पोर्तुगालच्या एलेना कॉस्टा यांना नेमलं होतं. त्या मोसम सुरू होण्याआधीच निघून गेल्या. खेळाडू कोणते घ्यायचे, सराव सामने कोणाशी ठेवायचे, हे त्यांना न विचारताच ठरत होतं. खुर्ची दिली, किल्ल्या दिल्या नाहीत! मला त्या बाईंचं फार पटलं. आणि मी तशी निघून गेले असते का, हा प्रश्नही पडला.

इंग्लंडमधली गोष्ट तर आमच्या प्रभारीसारखीच. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबने जुलै २०२३ मध्ये हॅना डिंगली यांना कोच केलं. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रं बाईच्या हाती देण्याची ती पहिलीच वेळ. जगभर बातमी झाली. पण नेमणूक हंगामी होती. दोन-अडीच आठवड्यांत कायमचे कोच आले, ते पुरुष. डिंगलीबाई आपल्या मुलांच्या अकादमीत परत. लेकीने हे मला मोबाइलवर फोटोसकट दाखवलं. मी तो फोटो बराच वेळ बघत होते. बाई हसताना दिसत होत्या.

१ ऑगस्ट २०२५ ला निर्णय झाला. खालिद जमील. तेरा वर्षांनी भारतीय कोच. लेकीने छपरीत जाऊन फक्त एवढंच विचारलं, "भजे करू का?" भावांनी तोंडं लपवली. महिन्याभरात मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला, तेव्हा हेच पोट्टे "आपला खालिद, आपला खालिद" करत नाचले.

पण ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही एक गोलने हरलो. छपरीत पुन्हा तेच. "म्हटलं नव्हतं का, घरच्या माणसाचं काम नाही!" लेक म्हणाली, "परदेशी दोघं हरले तेव्हा स्टिमाच हरला, मानोलो हरला असं म्हटलं. हा हरला तर सगळे भारतीय कोच हरले का?" माझ्या मुलाने जरा विचार केला आणि म्हणाला, "पण हरला तर आहेच ना, आई." तेही खरंच होतं. संघाचा खेळ मलाही काही फार आवडला नव्हता. चेंडू आपल्याकडे आला की आपलीच माणसं घाबरतात, असं मला दिसलं. पण मला काय कळतं म्हणा!

लेकीला बारावीनंतर शारीरिक शिक्षणाकडे जायचं आहे, आणि अठरा पूर्ण झाले की कोचिंगचा 'डी' लायसन्सचा कोर्स करायचा आहे. आठवडाभराचा असतो म्हणे. यांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. "आधी बारावी होऊ दे," म्हणतात. पुतण्याने मात्र गुपचूप तिला शिट्टी आणून दिली आहे. ती सकाळी अंगणात वाजली की सासूबाई कानावर पदर घेतात.

आणि माझं? परवा पदोन्नतीची यादी पुन्हा आली. पुन्हा नाव आहे. शिवाय आमच्या शाळेतली जागाही रिकामी होणार आहे, आणि साहेबांचा फोन आला, "मॅडम, तोवर तात्पुरतं तुम्हीच सांभाळा." मी म्हटलं, "सांभाळते सर, पण या वेळी नकार लिहून देणार नाही. जिथे जागा निघेल तिथे जाईन." फोनवर जरा वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाले, "लाखांदूरकडेच जागा दिसतात मॅडम." लाखांदूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आम्ही वरचे, ते खालचे.

रात्री जेवताना घरात सांगितलं. भाजी निवडताना नाही, सगळे ताटावर बसलेले असताना. हे काही बोलले नाहीत, वरण मात्र दोनदा मागून घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, तू गेल्यावर घरी जेवायला कोण..." आणि बहिणीकडे बघून थांबला.

सासूबाईंनी हात धुतला, पदराला पुसला आणि मला विचारलं, "लाखांदूरची बस कितीक वाजता हाये वं? का भंडाऱ्याले बदलाव लागते?"