डाव्या हाताची रजा

खंडेनवमीला आमच्या रामबागेतल्या वाड्यात विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, मुलीचा संगणक आणि दारातली वाहने अशा सर्वांना ओळीने हळदकुंकू लागते. २०२३ च्या खंडेनवमीला झेंडूचा हार घेऊन मी अंगणातल्या वडिलांच्या जुन्या जावापाशी गेलो आणि तसाच उभा राहिलो. हाराला गाठ मारावयाची होती, आणि गाठ ही दोन हातांची गोष्ट आहे. हार दिव्यावर नुसता अडकवावा तर तो घसरून चाकाशी येई. शेवटी आमची सौभाग्यवती आली, एक शब्द न बोलता तिने गाठ मारली आणि तशीच आत गेली. या फटफटीविषयी त्या सुमारास आमच्या घरात बोलणे बंद होते.

आता मूळ हकीगत सांगितली पाहिजे. २०१९ च्या पावसाळ्यात सिमरोळच्या घाटातून इंदूरला परत येत असता एका वळणावर म्हैस आडवी आली. म्हशीला काही झाले नाही. मी डाव्या खांद्यावर पडलो. शिरस्त्राणामुळे डोके वाचले. मात्र खांदा खाली दाबला गेला आणि मान उजवीकडे ताणली गेली, आणि तेवढ्यात घात झाला. मानेच्या मणक्यांतून मज्जातंतूंची पाच मुळे निघतात, त्यांचे खांद्यापाशी जाळे होते आणि त्यातून सबंध हाताला हालचाल व स्पर्श मिळतो. या जाळ्याला डॉक्टर मंडळी ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मोटारसायकलवरून पडणाऱ्यांना होणारी ही ठरलेली इजा. झाडाचे रोप उपटावे तशी ही मुळे मज्जारज्जूतूनच उपटली जातात. हाड मोडलेले नसते, कातडीवर फारसा ओरखडाही नसतो. हात जागच्या जागी असतो, फक्त तो आपला राहत नाही.

तीन महिन्यांनी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. उपटलेले मूळ पुन्हा लावून फारसा उपयोग होत नाही, म्हणून बरगड्यांमधले तंतू काढून ते दंडाच्या स्नायूला जोडतात. जोडलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. इकडे स्नायूही फार काळ वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्षात तंतू पोचला नाही तर तो कायमचा निरुपयोगी होतो. त्यामुळे २०२० साली सारे जग घरात बसून रोगाचे आकडे मोजत होते, तेव्हा मी मिलिमीटर मोजत होतो. एके दिवशी खोल श्वास घेतला आणि कोपर किंचित हलला. बरगडीचा तंतू बिचारा आपले श्वासाचेच काम करीत होता, त्याला आपली बदली दंडात झाल्याचे ठाऊक नव्हते! पुढे सरावाने श्वासावाचून कोपर वाकू लागला, तरी शिंक आली की हात अजूनही टुणकन उडतो. आमच्या धाकट्या भाचीला त्याची फार मौज वाटते. ती मुद्दाम तपकीर कुठे मिळते याची चौकशी करते.

कोपर वाकतो, पण बोटे हलत नाहीत आणि खांदा वर जात नाही. एवढ्यावर सर्व प्रगती थांबली.

वेदनेविषयी थोडे लिहितो, कारण पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ज्या हाताला चिमटा काढलेला कळत नाही, तोच हात रात्रंदिवस उकळत्या तेलात धरल्यासारखा भाजतो आणि मधूनच कोणी तो उखळात घालून कांडल्यासारखे होते. हातातून निरोप येणे बंद झाले म्हणून मज्जारज्जू आपल्याच मनाचे निरोप तयार करतो, असा त्याचा उलगडा सांगतात. विन पॅरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने असे पुष्कळ रुग्ण पाहिले होते. १९८० साली या वेदनेवर लिहिताना त्याने नमूद केले आहे की, मन गुंतवून टाकणाऱ्या कामाने रुग्णांना जो आराम पडतो तो अनेकदा औषधानेही पडत नाही. हे मी पुष्कळ नंतर वाचले, पण अनुभव आधीच आला होता. बुद्धिबळाचा डाव रंगला की हात थंड होई आणि डाव संपला की पुन्हा पेटे.

समाचाराला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला राणा सांगाची गोष्ट सांगितली. एक हात गेला, एक डोळा गेला, तरी खानव्याला लढला. होळकरांच्या गावात यशवंतरावांचा एक डोळाही निघावयाचाच. मी मान डोलवीत असे. राणा सांगाला घोडा होता, आणि घोड्याला क्लच नसतो, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

माझी नवी मोटारसायकल मी इस्पितळात असतानाच सौभाग्यवतीने विकून टाकली. मला विचारले नाही. विचारावयास हवे होते असे मी तेव्हाही म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही. राहिली ती वडिलांची १९६८ सालची जावा. ती राहिली याचे कारण ती सुरूच होत नव्हती.

दोन वर्षे मी लोकांच्या पाठीमागे बसून हिंडलो. रिक्षा झाल्या, जावयाची मोटार झाली. गिअर नसलेली स्कूटर घ्या, असा सल्ला सर्वांनी दिला आणि तो ऐकावयास सोपा आहे. पण त्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हाताचे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक सक्तीचे झाले, आणि अशा स्कूटरवर दोन्ही चाके एकदम धरणारी मूठ डाव्या हाताला असते. सुरक्षिततेचा कायदा शंभर लोकांसाठी चांगला झाला, त्यात एकशे एकावा मी. माझ्या वाट्याला नुसता पुढचा ब्रेक उरणार!

एके दुपारी, २०२२ च्या उन्हाळ्यात, मी अंगणात जावावर उगाच बसलो होतो. गाडी स्टँडवर होती. डावा पाय सवयीने गिअरच्या दांड्यावर गेला, तो दाबला आणि हँडलवरची क्लचची मूठ सैल पडली. मी पुन्हा दाबला, पुन्हा सैल. आणि मला एकदम वडील आठवले. सकाळी ते दूध आणावयास जात तेव्हा डाव्या हातात दुधाची बरणी असे आणि चौकात गाडी थांबवून पुन्हा चालू लागेपर्यंत ती कधी खाली ठेवलेली मी पाहिली नाही. मी पुढे टाकीवर बसलेला असे. आमच्या वडिलांना तीन हात आहेत, असे काहीसे मला तेव्हा वाटे.

त्याचे कारण यंत्रात होते. या झेकोस्लोव्हाकियाच्या जावात गिअरचा दांडा अर्धा दाबला की तो स्वतःच क्लच सोडवतो आणि पुढे दाबला की गिअर पडतो. पाय हळूहळू उचलला की क्लच पुन्हा धरतो. मूठ आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. त्याच दांड्याला आत दाबून वर फिरवले की त्याची किक होते. एका दांड्याकडून तीन कामे करून घेणारा तो कोण कारागीर असेल त्याला माझा नमस्कार. या गाड्या आपल्याकडे म्हैसुरात १९६१ पासून बनू लागल्या. १९७३ पासून त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अलीकडे दोन्ही नावे पुन्हा बाजारात आली आहेत, मात्र नव्या गाड्यांत ही करामत नाही. जपानात होंडाने १९५८ साली काढलेल्या सुपर कबलाही क्लचची मूठ नव्हती. तिथे शेवयांची ताटे एका हातावर तोलून घरोघर पोचवणारी पोरे डोळ्यांपुढे होती म्हणतात. आमच्याकडे दुधाची बरणी होती.

जुन्या राजवाड्याच्या बाजूला एका गल्लीत एक वयस्क मिस्त्री बसतो. त्याला जावा दाखवली, हात दाखवला, आणि मनातले सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘भिया, इसमें तो कंपनी ने पेले से ई दिमाग लगा रक्खा है. अपन को तो बस जगाना है.’’ दांड्याने क्लच सोडवण्याची ती जुळणी वर्षानुवर्षे कोणी नीट लावलीच नव्हती. त्याने ती लावली. हॉर्न आणि दिव्याची बटणे उजवीकडे आणली. खड्ड्यात हँडल एकदम फिरू नये म्हणून ते मुद्दाम थोडे जड केले. डावा हात कुठे ठेवावयाचा यावर आमची चर्चा झाली. हँडलला बांधावा असे मला वाटत होते. मिस्त्रीने साफ नकार दिला. गाडी पडली तर बांधलेला माणूस गाडीबरोबर फरफटतो. म्हणून हात कमरेच्या पट्ट्याला पोटाशी अडकवला. दीड महिन्याने जावा सुरू झाली आणि वाड्यात निळा धूर झाला. त्या दिवसापासून सौभाग्यवतीने त्या विषयावर बोलणे सोडले.

सकाळी साडेपाचला दसरा मैदानावर शिकावयास जाऊ लागलो. साठीला आलेला मनुष्य मोटारसायकल शिकतो हे दृश्य फिरावयास येणाऱ्या मंडळींना आवडे. सरळ रस्त्यावर एका हाताने गाडी चालवणे मुळीच कठीण नाही, हे पाहून मलाच आश्चर्य वाटले. उजवीकडे जावयाचे तर मूठ पुढे ढकलावी, डावीकडे जावयाचे तर ओढावी. दोन हातांचा माणूस हेच करतो, फक्त त्याला ते कळत नाही. खरी परीक्षा ब्रेकला. ब्रेक लागला की अंगाचे सारे ओझे पुढे येते. दोन हात असले की ते दोन्हीकडे सारखे पडते. एकच हात असला की ते एकाच मुठीवर येते, मूठ पुढे जाते आणि गाडी नको तिकडे वळते. त्यावर उपाय हाताचा नाहीच, गुडघ्यांचा आहे. टाकी गुडघ्यांत घट्ट धरावयाची, ओझे कमरेवर झेलावयाचे आणि हात हलका ठेवावयाचा. हे समजावयास मला एक क्षण लागला आणि अंगात उतरावयास तीन महिने.

त्याहून अवघड चढावर थांबून निघणे. डावा पाय गिअरच्या दांड्यावर अडकलेला, म्हणून उजवा पाय जमिनीवर. म्हणजे मागचा ब्रेक गेला. उजव्या हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर, उरलेल्यांनी गॅस फिरवावयाचा, आणि त्याच वेळी डावी टाच हळूहळू उचलावयाची. तबलजीलाच हे एका दिवसात जमेल. मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा गाडी उभीच होती, आणि उभ्या गाडीवरून पडण्यासारखी लाज नाही. एक दूधवाला धावत आला, ‘‘लगी तो नी भिया?’’ म्हणाला, आणि पडलेली गाडी हाताने न ओढता तिला पाठ लावून पायांच्या जोराने कशी उचलावी ते त्यानेच मला दाखवले.

परवान्याचे काम २०२३ साली झाले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ हा शब्द आला आहे. गाडीतले बदल नोंदवून, चालवून दाखवून, असा परवाना मिळू शकतो. कचेरीतल्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि क्लचमध्ये काय बदल केला ते विचारले. काही नाही, असे खरे उत्तर दिले तर त्यांना ते पटेना. शेवटी मी आठाचा आकडा काढून दाखवला, तेव्हा त्यांनी विचारणे सोडले.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन केम्प्स्टर म्हणून एक शर्यतपटू झाला. १९९० च्या अपघातात त्याचा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेले. गाडीची सगळी कळ डावीकडे आणून तो शर्यतीत उतरे, आणि त्याच्या गाडीवर आकडा असे ‘½’. हे मी एकदा जेवताना सांगितले. सौभाग्यवती पहिल्यांदाच त्या विषयावर बोलली. म्हणाली, ‘‘अहो, त्याच्या घरी कोण होते ते लिहिले आहे का कुठे?’’

मला उत्तर सुचले नाही. मग तीच बोलत राहिली. तुम्ही पडलात तेव्हा तुम्ही बेशुद्ध होता, फोन मला आला. तुम्हाला फटफटी परत मिळाली. मला मिळाले ते काय, तर पुन्हा संध्याकाळी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसणे. तिचे एकही वाक्य खोटे नव्हते. मी वेदनेचे सांगितले. गाडीवर असताना तासन् तास हात भाजत नाही, हे तिला आजवर सांगितलेच नव्हते. तिला वाटत होते हा सगळा पुरुषी हट्ट. तोही असेल थोडा. त्या रात्री तह झाला. रात्री नाही, पावसात नाही, बायपासवर नाही, मागे कोणाला बसवावयाचे नाही. आणि ती हे कधीही आवडून घेणार नाही. हे शेवटचे कलम तिने दोनदा सांगितले.

२०२४ च्या जानेवारीत मी महूमार्गे जाम दरवाजाला जाऊन आलो. घरापासून पन्नासेक किलोमीटर. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला तो दरवाजा विंध्याच्या कड्यावर उभा आहे, आणि त्यातून खाली सारे निमाड दिसते. गाडी थांबवली, इंजिन निवू लागले, आणि पाच मिनिटांत हात पुन्हा पेटला. मी कठड्यावर बसून चहा घेतला. परत निघताना उतारावर गाडी वळवणे एका हाताने होईना. सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांनी ढकलून वळवून दिली आणि वर ‘‘अंकल, ये कौन सी बाइक है?’’ म्हणून वडिलांच्या गाडीची चौकशी केली. महूला पेट्रोल भरले. त्यात ऑइल मिसळावे लागते, पण बाटलीचे टोपण एका हाताने फिरत नाही. तेही पंपावरच्या मुलाने उघडून दिले.

आमचे फाटक जड आहे. गाडी धरून ते मला उघडता येत नाही, म्हणून दर वेळी मी हॉर्न वाजवतो आणि कोणी तरी येते. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आलो तर फाटक आधीच सताड उघडे होते. अंगणात कोणी नव्हते, आणि आतून कुकरची शिटी ऐकू येत होती.