पीयूसीत जुनी गाडी फेल? पार्ट बदलण्याआधी पावती वाचा

मोहर्ली-चिमूर पट्ट्यात ज्यांचं गॅरेज आहे, त्यांना हे गिऱ्हाईक नवं नाही. जिप्सीवाला येतो, हातात पीयूसीची फेल पावती, आणि म्हणतो, "भाऊ, परवा सफारीचं बुकिंग आहे, काहीतरी करून द्या." घाईत आपण प्लग बदलतो, फिल्टर बदलतो. पैसे जातात, गाडी पुन्हा फेल. ते गिऱ्हाईक मग चार ड्रायव्हरांना काय सांगतं, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आधी पावती. सोबत गाडी कोणत्या स्टेजची आहे तेही बघा. बीएस-४ पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत लागतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ आणि ७५०, त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५००. मशीनमध्ये स्टेजच चुकीचं टाकलं असेल, तर चांगली गाडीही फेल दिसेल.

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. जंगलातल्या धुळीमुळे सगळे आधी एअर फिल्टरवर जातात. कार्बोरेटरच्या गाडीत ते बरोबर आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी झाली की ईसीयू पेट्रोलही बरंचसं कमी करतो, त्यामुळे नुसता फिल्टर बदलून सीओ खाली येईलच असं नाही. तिथे ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर आणि कूलंटचा टेम्परेचर सेन्सर तपासा. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन नीट तापत नाही, ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो.

सीओ ठीक पण एचसी जास्त, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. म्हणजे मिसफायर: प्लग, प्लगची वायर, व्हॅक्यूम पाइपची गळती, नाहीतर कॉम्प्रेशन. सफारीच्या गाड्या दिवसभर हळू चालतात, त्यामुळे प्लगवर कार्बन धरतो.

दोन्ही आकडे थोडेथोडे वर आणि बाकी सगळं बरोबर असेल, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा विचार करा. पण तो साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच करत नाही. रांगेत अर्धा तास बंद उभी राहिलेली गाडी त्यामुळेही फेल होऊ शकते. आधी पंधरा-वीस किलोमीटर पळवा आणि गरम असतानाच टेस्ट करा. कन्व्हर्टर महाग, तो शेवटी. आणि मिसफायर तसाच ठेवून नवा बसवला, तर न जळलेलं पेट्रोल आत जळून तोही वितळतो.

डिझेल बोलेरोचं गणित वेगळं. तिथे धूर मोजतात. जुन्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. काळा धूर असेल तर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचा फाटका होज. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे खर्च मोठा. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

"थर्मल पॉवरच्या चिमण्या बघा, माझ्या जिप्सीने काय होतं?" हेही ऐकायला मिळेल. मुद्दा अगदीच खोटा नाही, पण पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे आणि तो चिमणी भरणार नाही. "सेटिंग करून सर्टिफिकेट द्या" म्हणणाऱ्याला माझं उत्तर नाहीच असतं.

आता धंद्याचं. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आधी सांगून घ्या, आणि आधीचे व नंतरचे आकडे बिलावर लिहा. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. सफारीवाल्यांना सोमवारी संध्याकाळीच गाडी आणून ठेवायला सांगा.