पिल्लं अंगणात निघाली

ऐका लेकरांनो. विष्णुपुरीच्या जलाशयाच्या काठाने पावसाळ्यात चालत गेलात, तर गवताच्या कडेला एक बदक दिसेल. चोचीचं टोक पिवळंधमक, चोचीच्या मुळाशी दोन लालबुंद ठिपके. हे हळदीकुंकू बदक. मादी पाण्याजवळच्या दाट गवतात, जमिनीवरच घरटं करते. पिल्लं अंड्यातून निघाली, अंग सुकलं, की एखाद्या दिवसात सगळी पलटण आईमागे पाण्यात. ना छप्पर, ना खुराडं! आणि आपण विकत आणलेली पिल्लं तीन-तीन आठवडे घरात टोपलीखाली ठेवतो, वर बल्ब लावतो, तरी तुमची आजी म्हणतेच, "आणखी चार दिस राहू द्या की." मग शहाणी कोण, आजी की ती रानातली बदकीण?

दोघीही. रानातली पिल्लं उघड्यावर असतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांचं घर त्यांच्याबरोबर चालत असतं. गार वाटलं की शिरली आईच्या पोटाखाली. ऊन चढलं की तिच्या सावलीत. घार घिरट्या घालायला लागली की आई एक आवाज देते आणि सगळी गवतात चिडीचूप. टोपलीतल्या पिल्लाला ही आई नाही. म्हणून त्याला बाहेर काढायचं म्हणजे आईचं एकेक काम आपण अंगावर घ्यायचं, आणि पिल्लाला जे स्वतःला जमू लागलं ते आपण सोडून द्यायचं.

पहिलं काम उबेचं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी केली तरी चालते. पण आकडा पाठ करून उपयोग नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत. बल्बपासून पळून, चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. निवांत पसरून झोपली असतील तर बरोबर. माळेगावच्या जत्रेच्या दिवसांत, मार्गशीर्षातल्या थंडीत, रात्रीचा बल्ब तीन-चार आठवडे काढता येत नाही. तेच मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ वर गेला, की बल्ब कशाला? बदकाला घाम येत नाही. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोंडलेलं पिल्लू थंडीतल्यापेक्षा लवकर जातं. पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली असतात, त्यात पिल्लाला घरात ठेवा म्हणजे ऊब मिळेल असं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात माळवदाच्या घरात ठेवायचं ते गारव्यासाठी.

आता पिसांची गंमत. कोंबडीच्या पिल्लाला पहिल्याच आठवड्यात पंखांची पिसं फुटतात. बदकाचं उलट. तीनेक आठवड्यांचं पिल्लू अलगद हातात घ्या आणि पोट बघा. पिवळ्या लवेतून खरी पिसं आधी तिथे आणि खांद्याशी डोकावतात. पाठ आणि पंख मागे राहतात, सगळं अंग झाकायला सात-आठ आठवडे जातात. का बरं? कोंबडीच्या पिल्लाला लवकर उडी मारून फांदी गाठायची असते. बदकाचं पोट दिवसभर पाण्याला टेकलेलं, मग आधी शाकारायचं ते पोट. तेच पीस सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं, तर त्याच्या बारीक धाग्यांना आकडे दिसतात. दप्तराच्या चेनीचे दात बसावेत तसे ते एकमेकांत अडकतात आणि पाणी आत शिरू देत नाहीत. शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, तेलाची एक छोटी गाठ असते. बदक चोच तिथे घासून ते तेल अंगभर फिरवतं. ही तयारी होईपर्यंत बिनआईचं पिल्लू पाण्यात फार वेळ राहिलं, तर चिंब होऊन गारठतं. पाण्यातला प्राणी पाण्याने मरतो, सांगा कुणाला!

मग पाणी द्यायचं किती? तुम्हा लातूरकरांना हा प्रश्न पडणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० टँकर जोडलेले, सुमारे ५ लाख लिटर पाणी. अशा गावात बदक पाळायचं? पाळता येतं, कारण बदकाला पोहायला तळं नसलं तरी चालतं. चोच नाकपुड्यांसकट बुडेल एवढं खोल भांडं मात्र लागतंच. त्याशिवाय त्याला नाक आणि डोळे धुता येत नाहीत, कोरडा भरडाही घशाखाली उतरत नाही. पिल्लांसाठी भांड्यात दगड टाका, म्हणजे एखादं आत पडलं तर चढून बाहेर येईल.

आणि तेच पाणी ती घरभर सांडतात. खाली अंथरलेलं तूस भिजतं, कुजतं. खरं सांगू, आमच्या घरी पिल्लं बाहेर काढायचा दिवस पिसांनी नाही, वासाने ठरतो. शहाबादी फरशीवर तर ती मुळीच ठेवू नका, पाय घसरून फाकतात ते तसेच राहतात. खाली बारदान हवं.

पेंडीचंही ऐका. १९६० मध्ये इंग्लंडात लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, बदकाची पिल्लंही मेली. शोध घेता घेता गाडी अडली भुईमुगाच्या पेंडीवर. पेंडीला बुरशी लागली होती, आणि त्या बुरशीच्या विषाला नाव मिळालं अफलाटॉक्सिन. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं, की पुढे पेंडीत विष आहे का हे तपासायला शास्त्रज्ञ त्यालाच ती खाऊ घालू लागले. आपल्या घरात पावसाळ्यात ओल धरलेली पेंड म्हैस खाते, तिला लगेच काही होत नाही, म्हणून तीच पिल्लांपुढे टाकायची नाही.

बाहेर नेताना आधी दुपार टळल्यावर तासभर, अंगणात डालग्याखाली. मग दिवसभर. रात्री सगळ्यात शेवटी, तेही पोटाखाली नीट पिसं आल्यावर, आणि मुंगसाला डोकं घालता येणार नाही अशी बारीक जाळी लावल्यावर. गावतळ्यावर रानबदकांत मात्र सोडू नका. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. रानबदकं हा विषाणू अंगावर घेऊनही कित्येकदा ठणठणीत दिसतात, त्यामुळे बघून कळत नाही.

राहिली पहिली रात्र. बदक झोपतं कसं ठाऊक आहे? कित्येकदा अर्ध्याच मेंदूने! उरलेला अर्धा जागा, आणि त्याच्या ताब्यातला एक डोळा उघडा. अमेरिकेत नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी चार-चार बदकं ओळीत झोपवून हे पाहिलं, १९९९ मध्ये ते छापून आलं. ओळीच्या दोन टोकांची बदकं जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपत, आणि तो डोळा बाहेरच्या अंगाचा. मधल्यांना दोन्ही डोळे मिटायला मिळत. म्हणून एकटं पिल्लू कधी बाहेर ठेवू नये. दोन्ही अंगांना त्याचीच कड, मग ते झोपणार कधी?