खजिना, गरज आणि लोभ

‘मॅड मनी’ हा कॅली खूरी दिग्दर्शित अमेरिकन विनोदी चित्रपट २००८ साली प्रदर्शित झाला. कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम करणाऱ्या तीन सामान्य स्त्रिया, नष्ट करण्यासाठी आलेल्या जुन्या नोटा कपड्यांत लपवून घरी नेतात. एकीच्या पतीची नोकरी गेलेली, दुसरीला मुलांच्या शिक्षणाची चिंता. म्हणून आपण हसतो, त्यांची बाजूही घेतो. परंतु गरज भागल्यावरही त्यांचे हात थांबत नाहीत.

सटाण्याचे नाव घेतले की आम्हांला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे स्मरण होते. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिन्यातील १ लाख २७ हजार रुपये उपाशी जनतेला वाटले, असे परंपरा सांगते. तो खजिनाही त्यांचा नव्हता. मात्र त्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. उलट आपली नोकरी पणाला लावली.

‘नोटा तशाही नष्टच होणार होत्या’, ही त्या स्त्रियांची सबब. कार्यालयातील कागद वा पेन घरी नेताना आपणही अशीच सबब शोधतो. सातवी आज्ञा मात्र रकमेचा आकडा विचारीत नाही. चित्रपट पाहून मनमोकळे हसू या. पण स्वतःला एवढे विचारू या, की ही वस्तू आपण उघडपणे मागून नेली असती काय?