हिवाळ्यात घर बघताय? पावसाळ्यालाही विचारा!

दिवाळी झाली, थंडी पडली की अनेक घरांत विषय निघतो, 'लोणावळ्याकडे एखादं छोटं घर घेऊन टाकू या का?' मग रविवारी गाडी थेट मावळात. मळवली स्टेशन मागे टाकून एक्स्प्रेसवे ओलांडला की भाजे. वर सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची लेणी, माथ्यावर लोहगड आणि विसापूर. कोवळं ऊन, कोरडा रस्ता, गार वारा. आई-बाबा एकदम फिदा! बुकिंगसाठी बाबांचा हात खिशाकडे गेला, की तिथेच त्यांना थांबवा.

कारण हिवाळ्यात डोंगर शांत असतो. जुलैत त्याच डोंगरावरून धबधबे कोसळतात. जुलै १९८९ मध्ये याच भाजे गावावर दरड कोसळली आणि माणसं गेली. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाडलं गेलं. म्हणून घराआधी घरामागचा उतार बघा. तो कापून सपाट केलाय का? कोरडा ओढा कुठून जातो? तो बुजवून प्लॉट पाडलेत का? गावातल्या आजी-आजोबांशी बोला, पाणी कुठे चढतं ते त्यांना पाठ असतं. ब्रोशरमध्ये हे सापडणार नाही.

आता तुमच्या मोबाइलचं काम. सातबारा 'महाभूलेख'वर बघा. जमीन शेतीची आहे की एनए, हे तपासा. शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन थेट विकत घेता येत नाही, एजंट काहीही म्हणो. बिल्डरचा प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर मागा आणि वेबसाइटवर टाकून बघा. भाजे लेणी संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी लागते.

'पौषात व्यवहार नको,' असं आजी म्हणतेच ना? मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण कागद तपासायला तो महिना फुकट मिळतोय. आणि शक्य असेल तर सही करण्याआधी जुलैत एकदा छत्री घेऊन पुन्हा जा. बाबांची आयुष्यभराची बचत लागणार असेल, तर एवढी वाट बघायला काय हरकत आहे?