कॅमेरा बदलण्यापूर्वी

रोहा येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेले काही महिने एका खर्चावर एकमत होत नव्हते. घरचा वडिलोपार्जित धान्य-किराण्याचा व्यवसाय, बाजारपेठेत जुनी पत आणि वडिलांच्या बरोबरीने दुकान सांभाळणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. या मुलाला छायाचित्रणाचा नाद आहे. पावसाळा सरला की गावोगावी रात्री विजेच्या झोतात कबड्डीचे सामने रंगतात, तेथे तो असतो. रविवारी पहाटे पेणच्या मिठागरांकडे किंवा फणसाडच्या अरण्यात पक्ष्यांच्या मागावर असतो. त्याच्याजवळ २०१५ साली बाजारात आलेला निकॉन डी ७२०० हा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. त्यांऐवजी फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा व लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, असा त्याचा प्रस्ताव. एकंदर खर्च चार लाखांच्या घरात. वडिलांचा आक्षेप असा की, ही रक्कम दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून निघणार आणि तीही नेमकी मालभरणीच्या तोंडावर.

“साहेब, तुम्ही आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेत, हाही एक तपासून द्या,” असे म्हणून त्यांनी तो विषय माझ्यावर सोपवला. आपल्या अनेक घरांत आज तरुण पिढी असाच प्रस्ताव मांडत असेल. म्हणून त्या तपासणीचा तपशील येथे देत आहे.

आधी टाकाऊ छायाचित्रे पाहावीत

एखादा व्यवसाय अडचणीत आला की बँक आधी गळती कोठे आहे ते शोधते आणि मगच नव्या यंत्राला पैसे देते. त्याच न्यायाने मी मुलाला सांगितले, “उत्तम छायाचित्रे मला नकोत. गेल्या वर्षातली फसलेली तेवढी घेऊन ये.” ती आम्ही चार गटांत मांडली : प्रकाश अपुरा पडल्याने हललेली किंवा दाणेदार झालेली, फोकस चुकलेली, विषय फारच लहान आलेली, आणि क्षणच निसटलेली. चौथ्या गटाला कोणताही कॅमेरा फारसा उपयोगी पडत नाही. तेथे सराव आणि खेळाची जाण लागते.

कबड्डीची बहुतेक फसलेली छायाचित्रे पहिल्या गटात गेली, पक्ष्यांची तिसऱ्यात आणि काही दुसऱ्यात. एकाच कॅमेऱ्याने केलेल्या दोन कामांची दुखणी अगदी वेगळी निघाली. हे ध्यानात आल्यावर प्रस्तावाचे स्वरूपच पालटले.

मैदानाचे गणित

कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. चढाई ३० सेकंदांची. छायाचित्रकार रेषेपासून हाताच्या अंतरावर बसलेला असतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या लेन्सचे तेथे कामच नाही. अडचण आहे ती प्रकाशाची. खेळाडूची झेप स्थिर टिपायची तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या ते हजाराव्या भागाइतका हवा. समजा, या मुलाच्या लेन्सने एफ ५.६ या ॲपर्चरवर आणि ६४०० आयएसओवर सेकंदाचा १२५वा भाग मिळतो. तेवढ्या वेळात पकडीतील हात-पाय धूसर होणारच.

आता त्याच कॅमेऱ्याला ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर काय होते? ॲपर्चरच्या आकड्यांचे गुणोत्तर काढून त्याचा वर्ग केला की प्रकाशातील फरक कळतो. ५.६ला १.८ने भागले तर सुमारे ३.१ येतात. त्यांचा वर्ग साडेनऊच्या आसपास. म्हणजे साडेनऊपट प्रकाश! आयएसओ न वाढवता शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापलीकडे जातो. शिवाय दहा मीटरवरील खेळाडू उभ्या चौकटीत पूर्ण मावतो. याउलट, जुनी एफ ५.६ लेन्स तशीच ठेवून फुल-फ्रेम कॅमेरा घेतला, तर मोठ्या सेन्सरमुळे लाभ होतो तो सुमारे सव्वादोन पटींचा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तर या कॅमेऱ्याचा सुमारे २४ बाय १६चा असतो. क्षेत्रफळाचा फरक तेवढाच. मैदानापुरते पाहिले तर कॅमेऱ्याच्या किमतीच्या अंशात मिळणारी लेन्स अधिक काम करते.

नव्या कॅमेऱ्याच्या बाजूने येथे एक मुद्दा जरूर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. वेगवान शटरला ही लय सापडत नाही, आणि एक चौकट उजळ तर पुढची काळवंडलेली येते. अलीकडील अनेक कॅमेऱ्यांत ही झपक ओळखून योग्य क्षणी शटर उघडण्याची सोय असते. ज्याचे बहुतेक काम रात्रीच्या मैदानावर आहे, त्याने ही सोय आहे किंवा नाही हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.

खाडीकाठचे गणित

मिठागराच्या बांधावर बसलेला छोटा खंड्या पक्षी सुमारे १६ सेंटिमीटरचा. तो १५ मीटर अंतरावर आहे आणि लेन्स ३०० मिलिमीटरची आहे, असे धरू. सध्याच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकटीची रुंदी ६००० पिक्सेल असते, आणि खंड्याच्या वाट्याला त्यांतले सुमारे ८०० येतात. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याला लावली तर मात्र केवळ सुमारे ५३० येतात! मोठा सेन्सर तेवढेच पिक्सेल अधिक रुंद दृश्यावर पसरवतो, त्यामुळे पक्ष्याचा तपशील घटतो. ही तूट भरून काढायला ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर किंवा अधिक लांब व महाग लेन्स लागते. महाग कॅमेरा सर्वच कामांत सरस ठरतो, ही समजूत येथे टिकत नाही.

लेन्स ६०० मिलिमीटरची केली तर ८००चे १६०० पिक्सेल होतात. पण अंतर निम्मे करून साडेसात मीटरवर गेले तरी तेच १६०० होतात, तेही विनाखर्च. बांधाच्या रस्त्यालगत मोटार उभी करून, इंजिन बंद ठेवून काचेतून छायाचित्र घेतले, तर पक्षी माणसापेक्षा मोटारीला कमी बुजतात. शिवाय कोकणात उन्हे चढली की तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते. त्या थरातून दूरचा पक्षी कोणत्याही लेन्सने सुस्पष्ट येत नाही. पहाटेचा पहिला दीड-दोन तासांचा काळ हीच तेथे खरी संपत्ती.

उडत्या पक्ष्याची गोष्ट निराळी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची क्षमता असते. डी ७२०० सेकंदाला ६ चौकटी टिपतो. २०२३ साली आलेला निकॉन झेड ८ कच्च्या, अर्थात रॉ स्वरूपात २० टिपतो. आकाशात वळण घेणारी घार किंवा फणसाडच्या फांद्यांवरून झेपावणारा शेकरू टिपायचा असेल, तर हा फरक खराखुरा आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल. उद्योगाची दिशाही तीच आहे. कॅनन व निकॉन यांनी २०१८ साली मिररलेससाठी नवे माउंट आणले, आणि दोघांचे शेवटचे सर्वोच्च श्रेणीचे डीएसएलआर २०२० सालचे आहेत. म्हणून जुन्या पद्धतीच्या नव्या बॉडीवर आता मोठी रक्कम घालू नये. मात्र मोटर आतच असलेल्या निकॉनच्या एएफ-एस लेन्स ॲडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावरही ऑटोफोकससह चालतात. कॅमेऱ्याची पिढी लवकर बदलते, पण जपलेली लेन्स दोन-तीन कॅमेरे पाहते.

व्याज, घसारा आणि बुरशी

चार लाख रुपये दहा टक्के दराने उचलले तर पहिल्या वर्षीचे व्याज ४०,००० रुपये. चार वर्षांत साहित्याची किंमत निम्मी झाली असे धरल्यास दरवर्षी घसारा ५०,०००. वर्षाला वीस वेळा बाहेर पडणे झाले तर प्रत्येक खेपेचा भार ४,५०० रुपये. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, पण ही मांडणी करावी. मुंबई-पुण्यात मोठ्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. तुलना त्या भाड्याशी करावी. दोन सुट्ट्यांपुरती लेन्स भाड्याने आणली की तिचे वजन पेलते का, हेही कळते. निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स सुमारे २.३ किलोची आहे.

छंदाचा कॅमेरा दुकानाच्या नावे घेऊन त्यावरील जीएसटीचा परतावा लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. आयकरातील घसाराही व्यवसायासाठी वापरलेल्या मालमत्तेवरच असतो. छायाचित्रणाचे उत्पन्न खरोखर येत असेल तर त्याचा स्वतंत्र हिशेब ठेवावा.

आणखी एक खर्च आपल्या भागात विसरून चालत नाही. चार महिन्यांच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवून ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ज्याला एवढे जमत नाही, त्याने महाग लेन्स घेऊ नये.

जेथे पैसा मधे येऊ नये

फणसाडचे अरण्य एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य त्याही आधीचे, १९६८चे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपण सर्वांनी एकदा वाचावी. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हीसुद्धा त्या व्याख्येप्रमाणे शिकारच आहे. साहित्यात चार लाख अडकले की ‘काहीतरी मिळालेच पाहिजे’ अशी घाई मनात शिरते. मग घरट्याजवळची फांदी दूर सारली जाते, मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवली जाते. जीवदयेचे संस्कार असलेल्या घरातील मुलाला हे वेगळे सांगावे लागू नये. तरीही मी त्याला ते सांगितले, आणि त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

अखेरीस ठरले ते असे. ८५ मिलिमीटरची एएफ-एस लेन्स मुलाने स्वतःच्या बचतीतून आत्ताच घ्यावी. लांब लेन्स या हिवाळ्यात दोनदा भाड्याने आणावी. मिररलेस कॅमेऱ्यासाठी दरमहा आवर्ती ठेव सुरू करावी, आणि वर्षाने पुन्हा टाकाऊ छायाचित्रांची चार गटांत मांडणी करून फोकसचा गट सर्वांत मोठा निघाला तर खरेदी करावी. दुकानाच्या खेळत्या भांडवलाला हात लावायचा नाही.

बोलता बोलता वडिलांची खरी धास्तीही बाहेर आली. “कॅमेरा मोठा झाला की हा दुकानातून जाईल,” ते म्हणाले. मुलाने उत्तर दिले, “काका, मला रविवार हवा आहे, बाकीचे सहा दिवस मी गादीवरच आहे.” कर्जप्रस्तावाच्या कोणत्याही रकान्यात न बसणारी ही गोष्ट होती. पण बापलेकांनी ती एकमेकांसमोर पहिल्यांदाच उच्चारली, आणि रविवारच्या हिशेबाची जबाबदारी त्या दिवसापासून वडिलांनी स्वतःकडे घेतली.